आहारातील साखर, गाउट आणि मूत्रपिंडविकार

गाउट हा रक्तातील यूरिक आम्लाचे प्रमाण वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचल्यामुळे होणारा दाहयुक्त सांधेविकार आहे. आयुर्वेदातील वातरक्त या व्याधीशी त्याचे बरेच साम्य आहे. शरीरात तयार होणाऱ्या यूरिक आम्लापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटे आणि उरलेला आतड्यांवाटे बाहेर टाकला जातो. साखरेचे अतिसेवन या आम्लाची निर्मिती वाढवते, तर दुर्बल झालेल्या मूत्रपिंडांना ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे गाउट, मूत्रपिंडविकार व साखर यांचा विचार एकत्र करावा लागतो. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारे भूजल यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

साखरेपासून यूरिक आम्लापर्यंत

नेहमीच्या वापरातील साखर म्हणजे सुक्रोज. पचनानंतर तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन समान भाग होतात. ग्लुकोज शरीरातील बहुतेक सर्व पेशी वापरतात. फ्रुक्टोजवरील प्रक्रिया मात्र मुख्यतः यकृतात होते. या प्रक्रियेच्या पहिल्याच टप्प्यात एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्च होतो आणि त्या खर्चावर पेशीचे पुरेसे नियंत्रण नसते. एकाच वेळी पुष्कळ फ्रुक्टोज आल्यास एटीपीचा साठा झपाट्याने घटतो, त्याच्या अवशेषांचे विघटन होत जाते आणि शेवटी यूरिक आम्ल तयार होते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत हे आम्ल पुढे विघटित करणारे यूरिकेज हे विकर असते. मानवात ते कार्यक्षम नाही.

रक्तातील प्रमाण प्रति डेसिलिटर सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर स्फटिक तयार होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. तरीही यूरिक आम्ल वाढलेल्या प्रत्येकास गाउट होतोच असे नाही. गाउटचा पहिला झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, अनेकदा रात्री येतो.

फ्रुक्टोज किती वेगाने यकृतात पोहोचते, यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच पेयातून घेतलेली साखर चोथ्यासह खाल्लेल्या फळापेक्षा अधिक घातक ठरते. अमेरिकेतील ४६,३९३ पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत (प्रसिद्धी २००८) रोज दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये घेणाऱ्यांना गाउट होण्याचा धोका, महिन्यातून एकापेक्षा कमी पेय घेणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्क्यांनी अधिक आढळला. साखरविरहित शीतपेयांबाबत असा संबंध दिसला नाही. चरकसंहितेतही मिष्टान्ने खाणाऱ्या आणि चालण्याफिरण्याची सवय नसलेल्या सुकुमार व्यक्तींना वातरक्त होते, असे निरीक्षण नोंदवलेले आहे.

मूत्रपिंडांवरील परिणाम

साखरेचा मूत्रपिंडांवरील परिणाम मुख्यतः स्थूलता, मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्या मार्गाने होतो. वाढलेले यूरिक आम्ल स्वतः मूत्रपिंड निकामी करते की ते बिघडलेल्या मूत्रपिंडाचे केवळ लक्षण असते, हा वाद जुना आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अॅलोप्युरिनॉल देऊन यूरिक आम्ल कमी केले, तरी मूत्रपिंडांची घसरण मंदावली नाही. गाउटवरील उपचारात मात्र या औषधाचे स्थान कायम आहे.

वऱ्हाडातील स्थिती

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील काही तालुक्यांत पसरलेला आहे. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा भारतीय मानकानुसार प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेतले जाते. या पट्ट्यातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी पिण्यायोग्य नाही. त्यासाठी वान व शहानूर धरणांवरून प्रादेशिक पाणीपुरवठा योजना राबवण्यात आल्या. खाऱ्या पाण्यामुळे मूत्रपिंडविकार वाढल्याची तक्रार या भागात अनेक वर्षांपासून होत आहे.

पाण्याच्या चर्चेत साखरेचा मुद्दा सहसा मागे पडतो. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्यापुढे जाते. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी घामावाटे जाते, लघवी गडद व थोडी होते आणि अशा वेळी तहान रसवंतीतील उसाच्या रसाने, बर्फाच्या सरबताने किंवा शीतपेयाने भागवली जाते. उष्णतेने निर्जलीकरण झालेल्या उंदरांना पाण्याऐवजी शीतपेयासारखे गोड द्रावण दिल्यास मूत्रपिंडांची हानी वाढते, असे २०१६ मधील प्रयोगात दिसले. २०१९ मध्ये बारा निरोगी प्रौढांवर उष्ण वातावरणात शारीरिक श्रम करवून केलेल्या चाचणीत, शीतपेय घेतल्यावर मूत्रपिंडांवरील ताणाचे निदर्शक पाण्याच्या तुलनेत अधिक आढळले. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा येथे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांमध्ये मधुमेह नसतानाही मूत्रपिंडे निकामी होतात. तेथेही उष्णता व वारंवार होणारे निर्जलीकरण ही प्रमुख कारणे मानली जातात.

आहारविषयक पथ्ये

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध व फळांच्या रसातील साखर मिळून एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांहूनही कमी असावी. २,००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

वऱ्हाडात गाउटच्या रुग्णाने तुरीचे वरण बंद करायचे आणि चहा, आमरस मात्र चालू ठेवायचे, असे घराघरांत पाहावयास मिळते. हे पथ्य उलटे आहे. २००४ मधील अभ्यासात मांस व मासे यांमुळे गाउटचा धोका वाढलेला आढळला. प्युरिनयुक्त भाज्या व डाळींबाबत तसे आढळले नाही. मूत्रपिंडविकारात डाळीचे प्रमाण आजाराच्या टप्प्यानुसार ठरवावे लागते, तो प्रश्न वेगळा.

साखरेऐवजी गूळ घेणे हा उपाय नव्हे. गूळही मुख्यतः सुक्रोजच असून त्यातील पोटॅशियम दुर्बल मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते. शीतपेयाला पर्याय म्हणून सुचवले जाणारे नारळपाणीही याच कारणाने अशा रुग्णांना वर्ज्य असते. साधे पाणी सर्वांत उत्तम. तथापि आजार पुढच्या टप्प्यात असल्यास दिवसाचे पाणीही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. जुलाबात दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीतील साखर याला अपवाद आहे. तीत प्रति लिटर १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते व ते आतड्यातून क्षार आणि पाणी शोषले जाण्यास साहाय्य करते.

सांधा सुजला की औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात आणि उन्हाळ्यात, अंगातील पाणी कमी झालेले असताना, हा धोका वाढतो. गाउटच्या रुग्णाने अशी गोळी घेण्यापूर्वी यूरिक आम्लाबरोबर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी करून घेणे आवश्यक असते.