बिअर नको, माल्ट हवा!

म्हैसूर म्हटले की डोळ्यांपुढे येतो अंबाविलास राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा साबण आणि तुपाने निथळणारा मैसूरपाक. पण याच शहरात देशातील एक नामवंत अन्नसंस्था आहे, हे पर्यटकांच्या फारसे ध्यानात नसते. आणि ‘घरच्या घरी बिअर’ या नव्या हौसेला एक छानसे उत्तरही तिथेच सापडते.

ही हौस आली परदेशातून. ब्रिटनमध्ये १९६३ साली स्वतःपुरती बिअर करण्यासाठी परवान्याची अट उठली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केली. मग नवशिक्यांसाठी तयार संच बाजारात आले. परदेशातला भाचा सुट्टीत घरी येतो, अशा संचाचे कौतुक सांगतो आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे डोळे चमकतात. मग प्रश्न आईबाबांपुढे येतो: यात वावगे काय?

संचात असते काय?

झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली, हवा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी नळी, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, यीस्टची पुडी आणि माल्टच्या घट्ट पाकाचा डबा. हा पाक साखर-पाण्यात मिसळायचा, थंड झाला की यीस्ट घालायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कर्बवायू बनवते. आठ-पंधरा दिवसांनी बाटल्या भरायच्या. एका डब्यात साधारण २३ लिटर बिअर होते.

ऐकायला सोपे, पण खाचखळगे बरेच. भांडे जराही अस्वच्छ राहिले की सगळा घाणा आंबट होतो. बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश तापमान मानवते. आपल्या चैत्र-वैशाखात ते कुठून आणायचे? सर्वांत मोठा धोका बाटल्यांचा. आंबणे पुरते थांबण्याआधीच बुचे लावली, तर आत वायू कोंडतो आणि बाटली फुटून काचा उडतात. घरात लहान मुले असतील तर हा खेळ नकोच.

कायदा काय सांगतो?

खरी मेख इथे आहे. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा. दोन्हीकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. ‘विकत नाही, घरच्यापुरतेच करतो’ ही सबब चालत नाही. इतकेच नव्हे, त्या हेतूने भांडी वा उपकरणे बाळगणेही गुन्ह्यात मोडते. पुणे-बंगळुरूत हॉटेलातच ताजी बिअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरी निघाल्या आहेत. पण त्यांनाही रीतसर परवाना लागतो. मुलाला नुसते रागावण्यापेक्षा हे समजावून सांगितलेले बरे.

जादू आहे माल्टची!

मग या विद्येत आपल्या कामाचे काही नाहीच का? आहे ना! बिअरचा प्राण म्हणजे माल्ट, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. दाणा रुजताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते पिठूळ स्टार्च फोडून त्याची साखर करते. बिअरवाले ही साखर यीस्टला चारतात. तीच बाळाला चारली तर?

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सीएफटीआरआयमध्ये, नेमके यावरच काम झाले. राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात ही संस्था ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली. येथील शास्त्रज्ञ डॉ. एन. जी. मल्लेशी यांनी नाचणीचा माल्ट आणि त्यापासूनचा शिशुआहार यांवर दीर्घकाळ संशोधन केले.

त्यामागचे कारण साधे आहे. साध्या पिठाची पेज शिजली की घट्ट गोळा होते. बाळाला ती गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. वाटी भरते, पण पोटात पीठ थोडेच जाते. माल्टची पेज तेवढेच पीठ घालूनही पातळ राहते. त्यामुळे इवल्याशा पोटात अधिक शक्ती जाते. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य. आपल्या आजीचे नाचणीसत्व आणि म्हैसूरकडचा ‘रागी माल्ट’ ही सख्खी भावंडेच!

घरी असा करा

० अर्धा किलो नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन १०-१२ तास भिजत घाला.
० पाणी निथळून ओल्या फडक्यात सैल बांधा. अधूनमधून पाणी शिंपडा. एक ते दोन दिवसांत बारीक मोड येतात.
० उन्हात खडखडीत वाळवा. चोळून मोड काढा व पाखडा.
० मंद आचेवर वास सुटेपर्यंतच परता. फार भाजले तर विकर नष्ट होते आणि सारी मेहनत वाया जाते.
० दळून, वस्त्रगाळ करून कोरड्या डब्यात भरा.

पेज करताना पीठ गार पाण्यात कालवा आणि ढवळत हळूहळू तापवा. आधी घट्ट होऊन मग ती सैल पडू लागेल. शेवटी चांगली उकळी आणा. बुरशीचा वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले, तर घाणा सरळ टाकून द्या. ज्वारीला मात्र असे मोड आणू नका. तिच्या मोडांत विषारी द्रव्य तयार होते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध. पेज त्यानंतर, डॉक्टरांना विचारून.

मोठ्यांसाठी हाच माल्ट ताकात कालवा, हिंग-जिरे आणि मीठ घाला. फेसाळणाऱ्या पेल्याची हौस असलेल्या मुलालाच रवी हातात देऊन हे ताक घुसळायला सांगा. फेसही येईल, आणि त्यासाठी परवाना लागणार नाही!