गांवची परिचारिका व आपलें कर्तव्य

बैलास लाळ-खुरकूत होऊं नये म्हणून लस टोंचून घेण्यास आपला शेतकरी आतां सहसा कुचरत नाहीं. गुरांचा डॉक्टर गांवांत आला कीं दावणीचीं जनावरें सोडून त्याच्यापुढें उभीं केलीं जातात. मात्र त्याच गांवांत लसीची पेटी खांद्यास अडकवून परिचारिका आली, तर तिला घरोघर व शेतोशेत हिंडून मुलें गोळा करावीं लागतात. हा प्रकार आम्हीं नुकताच जवळून पाहिला. त्यांत आमचाहि दोष होता, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

वैद्यकीय मदत खेड्यांतील लोकांच्या दाराशीं गेली पाहिजे, अशी शिफारस भोर समितीनें १९४६ सालीं केली. पुढें १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रें निघूं लागलीं. सपाट प्रदेशांत ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक उपकेंद्र असावें, असा आजचा नियम आहे. तेथील परिचारिकेस सरकारी कागदांत आरोग्यसेविका म्हणतात; गांवकरी तिला ‘नर्सबाई’ म्हणूनच ओळखतात. गरोदर स्त्रियांची तपासणी, बालकांस लस, तापकऱ्याचें रक्त तपासणीस पाठविणें, क्षयरोग्यास औषध नियमानें मिळतें कीं नाहीं तें पाहणें आणि या सर्वांच्या नोंदी ठेवणें, इतका भार तिच्यावर असतो. २००५ सालीं सुरू झालेल्या योजनेनें तिच्या मदतीस साधारणतः हजार वस्तीमागें एक ‘आशा’ दिली आहे.

या कामाचें फळ काय, असें कोणी विचारील. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं कार्य आरंभिलें व गांवांतीलच, पुष्कळशा निरक्षर, स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण दिलें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरींच काळजी घेण्यास शिकविलें. तेथील ३९ गांवांत नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. धनुर्वाताचे जंतु माती व शेण यांत असतात, हें आपणांस ठाऊक आहे. पूर्वीं विळ्यानें नाळ कापून तीवर शेण किंवा राख लावीत, व त्यामुळें बालकें दगावत. मातेस लस व स्वच्छ बाळंतपण, या दोन गोष्टींनीं हा रोग इतका हटला कीं, २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील त्याच्या निर्मूलनास मान्यता दिली.

लस ही बियाण्याप्रमाणें जपावी लागते. तिला २ ते ८ अंश उष्णमानांत ठेवावें लागतें. गोवराची लस उन्हानें निकामी होते, तर धनुर्वाताची गोठल्यास बिघडते. गोवराच्या लसीची बाटली एकदां उघडली, कीं चार तासांनंतर ती टाकून द्यावी लागते. म्हणून परिचारिकेच्या दिवसांतील चार तासांस फार किंमत आहे.

आतां आमची गोष्ट. श्रावणांत चार दिवसांच्या पावसानंतर वाफसा आला होता व आमच्या कपाशींत खुरपणी चालू होती. त्याच दिवशीं लसीकरण होतें. आशेनें निरोप आणला. ‘सायंकाळीं पाठवूं’ असें आम्हीं उत्तर दिलें. दुपारीं नर्सबाई स्वतः चिखल तुडवीत बांधावर आल्या व म्हणाल्या, ‘तात्या, बाटली उघडली आहे. घटकाभर बायांना सोडा.’ आम्हीं दोघींस सोडलें. तिसरी नाल्यापलीकडच्या तुकड्यांत होती. तिला बोलावण्यास मनुष्य धाडण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. तिचें मूल तेवढें राहिलें. पुढें तें कुटुंब मजुरीस परगांवीं गेलें. दिवाळीस परतलें तेव्हां मुलास गोवर निघाला होता व छाती भरली होती. तालुक्याच्या इस्पितळांत बरेच दिवस राहून तें वांचलें. बाईंनीं आम्हांस एक शब्दहि बोल लाविला नाहीं. वस्तींतील राहिलेल्या मुलांची यादी तेवढी मागितली.

त्या निमित्तानें आम्हीं त्यांची हकीकत विचारली. पावसाळ्यांत ओढ्यास पूर आला कीं पेटी डोक्यावर घेऊन उतरावें लागतें. रात्रीं बोलावणें आलें म्हणजे स्वतःचें मूल शेजारणीपाशीं ठेवावें लागतें. उपकेंद्राचें छप्पर गळतें व पाणी दुरून आणावें लागतें. हें त्यांनीं तक्रार म्हणून नव्हे, विचारलें म्हणून सांगितलें.

गुरांच्या बुळकांडीचा व माणसांच्या गोवराचा विषाणु एकाच कुळांतला आहे. गांवोगांवचीं गुरें टोंचून घेतलीं म्हणून २००६ सालीं भारत व २०११ सालीं सारें जग बुळकांडीपासून मुक्त जाहीर झालें. गोवर मात्र अद्याप आहे. लस न घेतलेल्या वस्तींत एका रोग्यापासून तो बारा ते अठरा जणांस होऊं शकतो. जें आपण गोठ्यासाठीं केलें, तें पाळण्यासाठीं होऊं नये काय?

यास्तव आमच्या बांधवांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, लसीकरणाच्या दिवशीं लेंकुरवाळ्या मजूरणींस मजुरी न कापतां दोन तास मोकळीक द्यावी. दुसरी, ऊसतोडीस किंवा परगांवीं जाणाऱ्या कुटुंबास मुलाचें लसीचें कार्ड बरोबर नेण्यास सांगावें. राहिलेली लस दुसऱ्या गांवींहि मिळते. तिसरी, उपकेंद्राचें पाणी, छप्पर व वाट यांचा विषय ग्रामसभेंत आपणच काढावा. चौथी, रात्रीं-अपरात्रीं नर्सबाईंस जाण्यायेण्यास ज्याच्याकडे वाहन असेल त्यानें तें द्यावें.

यांत खर्च थोडा आहे. खुरपणीचे दोन तास बुडाले तर तण दुसऱ्या दिवशीं निघतें. हुकलेल्या लसीची भरपाई तितकी सोपी नाहीं. हें आम्ही उशिरा शिकलों. वाचकांनीं वेळींच शिकावें, एवढीच विनंति.