गुडघ्याची तक्रार, खुब्याचा मामला

वसमत तालुक्यातील कुरुंदा व त्याच्या पंचक्रोशीत माघ-फाल्गुनात हळदीची काढणी सुरू झाली, म्हणजे वाळला पाला कापून, गड्डे खणून, माती झाडून हळकुंडे मोडण्याचे काम दिवसभर चालते. आणि हे मोडणीचे काम बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येत असल्यामुळे प्रहरच्या प्रहर उकिडवे बसणे त्यांना चुकत नाही. संध्याकाळी उठताना गुडघा धरला, की घरातील सर्वांचा निर्णय एकच असतो: गुडघे झिजले. माझे प्रतिपादन असे, की हा निवाडा साक्षीपुरावा न तपासता दिलेला असतो; कित्येकदा मूळ दुखणे खुब्यात असते.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या अस्थीतील खोल खोबणीत बसलेला असल्यामुळे पाय सर्व दिशांना फिरतो, तरी सहसा निखळत नाही. गुडघ्याला अशी खोबण लाभलेली नाही. त्याचे स्थैर्य चार बळकट अस्थिबंध, दोन अर्धचंद्राकृती कूर्चा आणि मांडीचे स्नायू यांवरच अवलंबून असते.

ज्ञानतंतूंची व्यवस्था मात्र दोन्ही सांध्यांची सामाईक आहे. कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मज्जामुळांतून मांडीच्या पुढची आणि जांघेच्या आतली अशा दोन नसा निघतात, तर मागून गृध्रसीची जाड नस उतरते. आणि या तिन्हींचे धागे खुबा व गुडघा या दोहोंना पोचतात. सांध्याला हलविणाऱ्या स्नायूंची नसच त्या सांध्यालाही संवेदना पुरविते, हा नियम जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाने 1860 ते 1862 या काळातील आपल्या लंडनच्या व्याख्यानांत मांडला. दोन गावांचे टपाल एकाच थैलीतून तालुक्याला जावे आणि तेथील कारकुनाने एकाचा अर्ज दुसऱ्याच्या नावे नोंदवावा, तसा मेंदू कित्येकदा खुब्याची वेदना गुडघ्याच्या खाती घालतो.

याची सर्वांत मोठी किंमत मुलांना मोजावी लागते. पाच-सात वर्षांचे मूल लंगडते, गुडघ्याकडे बोट दाखविते, गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष निघते आणि घरचे निश्चिंत होतात. तिकडे खुब्यातील माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो खचत असतो, किंवा क्षयाने तेथे ठाण मांडलेले असते. मुलाला उताणे निजवून, गुडघा व खुबा काटकोनात वाकवून, पाऊल हलकेच बाहेरच्या अंगाला नेले असता मांडी आत वळते. ती अडली किंवा मूल कळवळले, तर खुब्याची तपासणी त्वरित व्हावी, हे प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावे.

हळदीच्या रानातला धोका निराळा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, हाडाचा एक बारीक उंचवटा बोटाला लागतो. त्याच्याच खालून गृध्रसीची एक शाखा केवळ कातडीच्या आडोशाने हाडाला वळसा घालून पुढे जाते. तासन्‌तास उकिडवे बसल्याने ती चेपते; प्रथम नडगीच्या बाहेरून पावलाच्या पाठीवर मुंग्या येतात, आणि दाब चालूच राहिला तर पाऊल वर उचलेनासे होते, चालताना चप्पल सुटते. दाब वेळीच हटविला तर बहुतेकांची नस काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरते. म्हणून मोडणीला बसताना बुटके पाटुकले घ्यावे व मधूनमधून उठावे, एवढा बंदोबस्त कोणत्याही शेतमालकाला परवडण्याजोगा आहे. तो न करणे मला अक्षम्य वाटते.

काही दुखणी मात्र खरोखरच गुडघ्याची असतात. कबड्डीच्या मैदानावर पाऊल रोवलेले असता अंग वळले, की गुडघ्यातील पुढचा तिरपा अस्थिबंध तुटतो. ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा सुजतो. उकिडव्या बैठकीतून पिळत उठताना आतल्या बाजूची कूर्चा फाटते, कारण ती बाहेरच्या कूर्चेहून अधिक जखडलेली असते. अशा गुडघ्याला चोळण्याने अपायच होतो.

वृद्धांच्या बाबतीत तर चोळण्याचा विचारही करू नये. आजीबाई अंगणात घसरल्या, पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेर कलले, तर खुब्याजवळचे हाड मोडले असे समजावे. माथ्याला जाणाऱ्या रक्तवाहिन्या माथ्याखालच्या हाडाच्या मानेवरून जात असल्याने, मोड मानेत असल्यास दिरंगाईत माथा निर्जीव होण्याचा संभव वाढतो. कित्येकदा अशा वृद्धांची तक्रार गुडघ्याचीच असते, म्हणून पाय न ओढता, न वळवता, दोन्ही पाय एकत्र बांधून, पाठीखाली फळी देऊन त्यांना थेट रुग्णालयात न्यावे, आणि तेथे चित्र गुडघ्याबरोबर खुब्याचेही काढावयास सांगावे.