नऊ आकड्यांचा अँटेना

आगरदांड्याच्या जेट्टीवरून समोर दिघीचा किनारा दिसतो. राजपुरी खाडीतून निघालेली होडी मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेली, की किनाऱ्याशी बोलायला व्हीएचएफ रेडिओच उपयोगी पडतो. संकटाची हाक देण्यासाठी १५६.८ मेगाहर्ट्झ ही वारंवारता जगभर ठरलेली आहे. अशा वेळी अँटेना चुकीचा असून चालत नाही.

३०० ला १५६.८ ने भागले, की तरंगलांबी १.९१ मीटर मिळते. अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना म्हणजे सुमारे ९६ सेंटिमीटर. प्रत्यक्षात तार थोडी आखूड लागते. किती, हे तिच्या जाडीवरही अवलंबून असते. हे गणित संगणकावर सोडवता येते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८१ साली तयार झालेली 'एनईसी-२' ही आज्ञावली आजही विनामूल्य मिळते.

तिची फाइल साध्या मजकुराची असते. एकेका ओळीला 'कार्ड' म्हणतात. हे नाव जुन्या भोके पाडलेल्या कार्डांवरून आले. तारेची ओळ अशी:

जीडब्ल्यू १ २१ ० ० ५.५४ ० ० ६.४६ ०.००२

१ हा तारेचा क्रमांक, २१ हे तिचे तुकडे. पुढचे सहा आकडे दोन टोकांचे निर्देशक आणि शेवटची त्रिज्या. म्हणजे सहा मीटर उंचीवर ९२ सेंटिमीटरची उभी तार. तुकडे विषम का? मधला अकरावा तुकडा नेमका मध्यावर येतो. तिथेच रेडिओ जोडायचा. प्रत्येक तुकड्यातील विद्युतप्रवाह अज्ञात धरून संगणक एकवीस समीकरणे सोडवतो.

सर्व मापे मीटरमध्ये हवीत. एकदा आम्ही त्रिज्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे नुसती '२' लिहिली. तार चार मीटर जाडीची झाली! उत्तर मात्र छापून आलेच.

आणखी एक ओळ जमिनीची. सर्वसाधारण मातीची विद्युतवाहकता मीटरला ०.००५ सीमेन्स धरतात, समुद्राच्या पाण्याची ५; म्हणजे हजारपट! मातीचे आकडे तसेच ठेवले, तर लहरी कोणत्या कोनात जोराने जातील याचे चित्र खाडीसाठी चुकते.

म्हणून मूळ फाइलीची प्रत ठेवावी, एका वेळी एकच ओळ बदलावी आणि काय बदलले ते टिपणाच्या ओळीत लिहावे. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. शेवटी खरी तार उभारून मोजावेच लागते, कारण संगणकाला आपण सांगितलेलीच खाडी ठाऊक असते.