इंजिनातली दुसरी चेन

बाबांनी वापरून दिलेली किंवा सेकंडहँड घेतलेली स्प्लेंडर कॉलेजच्या पार्किंगमध्ये आजही हमखास दिसते. १९९४ मध्ये आलेलं हे मॉडेल. काही गाड्या त्या चालवणाऱ्यांपेक्षा वयाने मोठ्या! सकाळी पहिल्या किकला इंजिनाच्या डाव्या बाजूने खरखर येत असेल, तर संशय टायमिंग चेनवर घ्या. मागचं चाक फिरवणारी चेन वेगळी. ही इंजिनाच्या आत असते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, आणि व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडतात ते हिच्यामुळे.

गॅरेजमध्ये ‘चेन ताणली’ म्हणतात, पण ती काही रबरासारखी ताणत नाही. कडीकडीतल्या पिना झिजतात, भोकं सैल होतात आणि सगळं मिळून चेन लांब होते. ही ढिलाई टेन्शनर सांभाळून घेतो, पण किती? त्याची हद्द संपली की खरखर सुरू. टॅपेट सैल असतील तर मात्र आवाज टकटक असा येतो. ते आधी सेट करून बघा, कदाचित स्वस्तात सुटाल.

गाडी विकताना काहीजण जाड ऑइल ओतून हा आवाज दाबतात. म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ चहा पिऊन या, तासाभराने परत किक मारा.

चेन बदलायला मॅग्नेट काढावा लागतो, तोही पुलरनेच. हातोडीने ठोकणारा मेकॅनिक दिसला तर थांबवा. खरी कसोटी नवी चेन बसवताना. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेसमोर आणि त्याच वेळी कॅमच्या गरारीवरची खूण हेडवरच्या खाचेसमोर आली पाहिजे. एक दात चुकला तरी गाडी ओढत नाही, नीट स्टार्ट होत नाही. जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो, मग खर्च कुठल्या कुठे जातो. त्यामुळे किक मारण्याआधी मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे समोर उभं राहून बघा.

‘फक्त चेन टाकू, बाकी चालेल’ हे ऐकू नका. गराऱ्यांचे दात टोकदार झालेत का, रोलरचं रबर कडक पडलंय का, तेही तेव्हाच तपासा. नाहीतर हीच मजुरी पुन्हा. आणि जुनी चेन मागून घ्या. नवीच्या शेजारी आडवी धरलीत की किती लोंबते ते दिसेल.