लडाखची सहल : शरदांत आणि हिंवाळ्यांत

थंड हवेचें ठिकाण म्हटलें कीं मुंबई-पुण्याकडील कुटुंबांना महाबळेश्वर वा माथेरान आठवतें. तेथील सहलीची तयारी म्हणजे सुटी, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय या तीन गोष्टींचा मेळ घालणें. लडाखला एवढ्यानें भागत नाहीं. तेथें उंच पर्वत आणि वाळवंट हीं एकत्र नांदतात, आणि सहलीचा बेत ठरवितांना सुटीच्या दिवसांइतकाच समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही हिशेब मांडावा लागतो. तो चुकला तर सहलीचा विरस होतोच, पण प्रसंगीं प्राणावरही बेततें.

बर्फाच्छादित शिखरांचा हा प्रदेश वाळवंट कसा, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. हिमालयाच्या रांगा मोसमी पाऊस दक्षिणेकडेच अडवितात. त्यामुळें लेह येथें वर्षाकाठीं पाऊस आणि बर्फ मिळून सुमारें १०० मिलिमीटर, म्हणजे अवघें चार इंच पाणी पडतें. लेह शहर सुमारें ३,५०० मीटर उंचीवर वसलें आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचें. तेव्हां लेह त्याच्या दुपटीहून अधिक उंच झालें. तेथें हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारें दोनतृतीयांश भरतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणांत कमी होतो.

शरीर या तुटीशीं जुळवून घेतें, परंतु त्यास अवधि लागतो. विमानानें जाणारा मनुष्य एका दिवसांत समुद्रकिनाऱ्यावरून लेहला पोहोंचतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांतीकरितांच राखून ठेवावे. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणें, झोंप न लागणें हीं उंचीच्या विकाराचीं पहिलीं लक्षणें होत. तीं असतांना अधिक वर जाऊं नये. बसल्या जागीं धाप लागली, चालतांना तोल जाऊं लागला किंवा बोलण्यांत असंबद्धता दिसली, तर फुप्फुसांत पाणी भरत आहे किंवा मेंदूस सूज येत आहे असें समजून रोग्यास विनाविलंब खालीं उतरवावें आणि रुग्णालय गांठावें. प्राणवायूच्या नळकांड्यानें वाटेंत आधार मिळतो. परंतु उतरणें लांबविण्यास तें निमित्त होऊं नये. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असणारांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं तिकिटें काढण्यापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्थळांचा क्रमही याच हिशेबानें लावावा. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, असा गिरिवैद्यकांतील दंडक आहे. तिसऱ्या दिवशीं सिंधूच्या खोऱ्यांतील ठिक्से व हेमिस हे मठ पाहावे. मग नुब्रा. वाटेवरची खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. तेथें रेंगाळूं नये. पलीकडचें खोरें मात्र लेहहूनही खालीं आहे, आणि हुंडर येथील वाळूच्या टेकड्या व दोन कुबडांचे उंट पाहत तेथें निवांत राहतां येतें. पँगाँग सरोवर ४,२०० मीटरांहून उंचावर असल्यानें तें शेवटीं ठेवावें, आणि जातांना टांगत्से येथें एक रात्र थांबावें. एवढ्या बेतास नऊदहा दिवस हवेत.

शरदांतील सहलीस सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. जवाचें पीक निघालेलें असतें, पॉपलर आणि विलो यांचीं पानें पिंवळीं पडतात, आणि उन्हाळ्यांत गाळानें गढुळलेली सिंधु निवळून निळसर दिसूं लागते. दसऱ्याची सुटी बहुधा या दिवसांत साधते. दिवाळी मात्र पुष्कळदां उशिराची ठरते. ऑक्टोबर सरतांना अनेक विश्रामगृहें बंद होऊं लागतात.

हिंवाळ्याचा बेत याहून निराळा असावा. झोजी ला व मनालीकडील खिंडी बर्फानें बंद पडतात, आणि विमानही हवेच्या लहरीवर अवलंबून असतें. म्हणून परतीच्या बाजूस एकदोन दिवस मोकळे ठेवावे. जानेवारीच्या रात्रीं लेहचा पारा उणें १५ अंशांखालीं उतरूं शकतो. अशा वेळीं गांवोगांव हिंडण्यापेक्षां एका जागीं राहून जें दिसेल तें पाहावें. गोठलेल्या तळ्यांवर मुलें हॉकी खेळत असतात. भरल नांवाच्या रानमेंढ्यांच्या मागें हिमबिबट्या खालच्या उतारांवर येतो. २०१९ ते २०२३ या काळांतील पाहणीनुसार भारतांत सुमारें ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकीं ४७७ लडाखांत आहेत. गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याचा मोह मात्र नवख्यांनीं टाळावा. बर्फ कोठें पातळ आहे, हें तेथील वाटाड्यासच उमगतें.

थंडीच्या भयानें दारें-खिडक्या लावून पेटती शेगडी खोलींत ठेवून झोंपणें हा दुसरा धोका. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. झोंपेंतच त्यानें मृत्यु ओढवतो. निजण्यापूर्वीं शेगडी विझवावी आणि अंगावर पांघरुणें वाढवावीं.

पाण्याविषयींही पाहुण्यानें भान ठेवावें. नळ गोठल्यामुळें हिंवाळ्यांत पाणी बादल्यांनीं आणावें लागतें, आणि वसंतांत पेरणीस तें अपुरें पडतें. त्यावर उपाय म्हणून सोनम वांगचुक यांनीं २०१३-१४ च्या हिंवाळ्यांत हिमस्तूपाचा प्रयोग केला : नळीनें आणलेलें ओढ्याचें पाणी थंडींत फवारून त्याचा उंच शंकु गोठवावयाचा, म्हणजे पुढें तो वितळून शेतास पाणी मिळतें. जेथें शेतकरी असें पाणी सांठवितो, तेथें पाहुण्यानें रोज स्नानाचा हट्ट धरूं नये.

सुटी सहाच दिवसांची असेल, तर पँगाँग आणि नुब्रा दोन्ही वगळून लेह व सिंधूचें खोरें एवढेंच पाहावें. विश्रांतीचे पहिले दोन दिवस मात्र कोणत्याही बेतांतून कापूं नयेत.