वाटाड्याचा नकार

गिर्यारोहणासारख्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. आल्प्स पर्वत मी पाहिलेला नाही. माझी चढाई कळसूबाईपलीकडे गेलेली नाही आणि शाळा सातवीपलीकडे गेली नाही. जे काही ठाऊक आहे ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि पुढे सार्वजनिक वाचनालयात बसून मिळवलेले. तथापि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. बर्फाच्या शिखरावर जाऊन आलेल्या प्रवाशांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पण त्यांना वर नेणाऱ्या माणसांचा जो धंदा आहे, त्याला ज्या रीतीभाती आहेत, त्यांच्याविषयी मात्र फार थोडे बोलले जाते. हल्ली आपल्या गावांतूनही तरुण मंडळी चार पैसे साठवून अशा मोहिमांत नाव घालतात. आपण नेमके कशाचे पैसे भरतो हे त्यांना समजावे, म्हणून हा विषय मी निवडला.

उदाहरणादाखल माँ ब्लाँ घेऊ. आल्प्समधले हे सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे ४,८०७ मीटर. माथ्यावर बर्फाची टोपी असल्यामुळे ती दर मोजणीत थोडी कमीजास्त भरते. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तर जी उंची होईल, तिच्याहून हे शिखर थोडेच कमी. पायथ्याशी फ्रान्समधले शामोनी हे गाव आहे. पहिल्या प्रथम हे शिखर चढले ते १७८६ च्या ऑगस्टमध्ये, गावचे डॉक्टर पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधून विकणारा जाक बालमा. दुसऱ्याच वर्षी जिनिव्हाचे पंडित सोस्यूर वर गेले, ते अठरा वाटाडे बरोबर घेऊन. तेव्हापासून तो धंदा सुरू झाला म्हणावयास हरकत नाही.

आज हा प्रवास कसा होतो? पहिल्याच दिवशी कोणी शिखराकडे नेत नाही. दोन-चार दिवस लहान शिखरांवर फिरवतात. एक तर विरळ हवेची सवय व्हावी लागते, कारण माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. आणि दुसरे असे की, त्या दिवसांत वाटाडा तुम्हांला निरखत असतो. तुम्ही पाऊल कसे टाकता, दम लागल्यावर खोटे बोलता का, भीती वाटली तर गप्प होता की बडबड करता, हे सगळे तो पाहून ठेवतो. मग नेहमीच्या वाटेने जायचे तर दाती असलेल्या आगगाडीने सुमारे २,३७० मीटरपर्यंत जाता येते. पुढे पायी. गूते नावाच्या धारेवर ३,८३५ मीटरवर निवारा आहे, तेथे रात्रीचा मुक्काम. मुक्काम कसला, मध्यरात्र उलटली की उठवतात. दोनच्या सुमारास डोक्याला दिवा बांधून, बुटांखाली लोखंडी काटे आवळून, हातात बर्फाची कुऱ्हाड घेऊन निघावयाचे.

इतक्या अवेळी का, हे ज्याने बर्फ पाहिलेला नाही त्याला उमगत नाही. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट होतो आणि कड्यातले सुटे दगडही जागच्या जागी गोठून राहतात. सूर्य वर आला की हा सांधा सुटतो. सकाळी ज्या बर्फावर पाऊल उमटत नव्हते तेथे दुपारी मांडीपर्यंत रुतावयास होते, हिमनदीच्या भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात, आणि वरून दगड घरंगळू लागतात. म्हणून सगळे गणित परत उतरण्याच्या वेळेचे असते. शिखर केव्हा गाठावयाचे हे त्यावरून ठरते, उलट नव्हे.

आता दोर. पुष्कळांची समजूत अशी की दोर म्हणजे वर ओढून घेण्याचे साधन. तसे ते मुळीच नाही. हिमनदीवर दोन-तीन माणसे लांब अंतरावर एकाच दोराला बांधलेली असतात; एक जण झाकलेल्या भेगेत गेला तर बाकीच्यांनी त्याला धरावयाचे. अरुंद धारेवर मात्र वाटाडा दोर आखूड करून हातात ताणून धरतो आणि तुमचा तोल जाण्याआधीच, निव्वळ मनगटाच्या जोरावर, तुम्हांला सावरतो. तुम्ही पुरते घसरलात तर मात्र तुमचे वजन त्यालाही घेऊन जाऊ शकते. म्हणूनच माँ ब्लाँवर एका वाटाड्यामागे दोन प्रवासी, आणि मॅटरहॉर्नवर एकामागे एकच, अशी रीत आहे. जो माणूस तुमच्या दोराला स्वतःला बांधून घेतो तो तुमची चूकही अंगावर घेतो. एवढे धोक्याचे काम करणाऱ्याला कामाच्या अटींवर शब्द असावा की नसावा? माझ्या विषयाचे मूळ येथे आहे.

१८२० सालच्या ऑगस्टमध्ये रशियाचे शास्त्रज्ञ डॉ. हामेल दोन इंग्रज प्रवाशांसह आणि आठ वाटाड्यांसह वर निघाले. आधी वादळामुळे ग्राँ म्यूले या खडकावर त्यांना अडकून पडावे लागले होते. ताजा बर्फ पुष्कळ पडला होता. अशा बर्फावर जाऊ नये असे वाटाड्यांचे म्हणणे होते आणि हामेल यांनी ते मानले नाही, असे शामोनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शिखराखालच्या उतारावर बर्फाचा थर सुटला. प्रवासी वाचले, पियेर बालमा, पियेर कारिए आणि ओग्यूस्त तेराज हे तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. हामेल नेमके काय बोलले यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर तो वाद दुय्यम आहे. रोजावर आलेला माणूस, समोर पाहुणा परदेशी आणि प्रतिष्ठित, ‘भितोस काय?’ एवढा एक शब्द पुरतो. यंत्राचे झाकण काढून ठेवलेले असताना ते चालवणार नाही असे एकट्या कामगाराने म्हणणे म्हणजे काय असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

फोर्ब्ज नावाच्या स्कॉटिश पंडिताने हिमनदी किती वेगाने सरकते याचा अभ्यास करून सांगितले होते की, ही प्रेते सुमारे चाळीस वर्षांनी खाली बाहेर पडतील. १८६१ साली बोसों हिमनदीच्या तळाशी खरोखरच अवशेष सापडू लागले. त्या दिवशी वाचलेला एक वाटाड्या म्हातारा होऊन अजून जिवंत होता. आपल्या सोबत्यांचे अवशेष त्याने ओळखले.

अपघातानंतर पुढल्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. आजही ती चालू आहे. तिने दोन गोष्टी केल्या. पहिली, मदत फंड: प्रत्येक चढाईच्या उत्पन्नातला हिस्सा जखमींसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी बाजूला काढावयाचा. आपल्या देशात कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या डोंगरी शेतकऱ्यांचे मोल कळते. दुसरी गोष्ट पाळीची. कचेरीत नावांचा पट. प्रवासी आला की ज्याची पाळी असेल त्याने जावयाचे. हॉटेलवाल्याची हांजी हांजी नको, प्रवाशाच्या मागे धावणे नको, आणि मजुरी पाडून काम मिळवणे नको. बदली कामगार म्हणून सकाळी फाटकाशी उभा राहिलेला कोणीही या पटाची किंमत जाणेल.

परंतु संघटनेने केलेले सगळेच चांगले, असे म्हणणारा मी नव्हे. माँ ब्लाँसाठी प्रत्येक प्रवाशामागे चार वाटाडे घेतलेच पाहिजेत, असा नियम त्यांनी केला. १८५१ साली आल्बर्ट स्मिथ नावाचा इंग्रज करमणूककार तिघा सोबत्यांसह चढला तेव्हा सोळा वाटाडे बरोबर होते, आणि शिदोरीत साठ बाटल्या साधी द्राक्षाची दारू आणि शेचाळीस कोंबड्या! (ही शिदोरी वाहणारे हमाल वेगळेच.) शिवाय पाळीच्या नियमाने कुशल आणि अकुशल एकाच मापाने मोजले जात, अवघड कड्यावर आपल्याला हवा तोच वाटाड्या मिळेना, ही इंग्रज गिर्यारोहकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. परिणाम काय झाला? १८५५ साली हडसन आणि केनेडी यांची इंग्रज मंडळी सेंजेर्व्हेच्या बाजूने वाटाड्याशिवायच शिखरावर जाऊन आली. ज्या नियमाचे कारण गिऱ्हाइकाला पटवून देता येत नाही तो नियम गिऱ्हाईक वळसा घालून ओलांडते.

पण याच हडसनची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न प्रथम चढला गेला. एडवर्ड व्हिम्परच्या त्या मंडळीत सात माणसे होती: चार इंग्रज प्रवासी, शामोनीचा मिशेल क्रो, आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बापलेक. प्रवाशांपैकी हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवखा मुलगा हडसनबरोबर आलेला. उतरताना त्याचे पाय ठरेनात, तेव्हा क्रोने आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे पाय एकेक करून हाताने खोबणीत बसवून देण्यास सुरुवात केली. हॅडो घसरला तो क्रोवरच. मागोमाग हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले. दोर तुटला आणि चौघे खाली गेले. थोरल्या टाउगवाल्डरने दोर कापला अशी कुजबुज उठली. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी संशयाने त्याची पाठ सोडली नाही. तो दोर झरमॅटच्या संग्रहालयात ठेवला आहे. नवख्या माणसाला कोठवर न्यावे हे त्या दिवशी वाटाड्यांनी ठरवले नव्हते, ते प्रवाशांनी आपसांत ठरवले होते, ही गोष्ट मात्र दोराइतकी प्रसिद्ध नाही.

पुढे परीक्षा आल्या, परवाने आले. १९६५ साली आल्प्समधल्या देशांतील वाटाड्यांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याचा बिल्ला मिळवण्यास वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. पण बिल्ल्याहून महत्त्वाची गोष्ट २०२२ च्या जुलैत दिसली. त्या उन्हाळ्यात उष्णता एवढी वाढली की कड्यांना सांधून ठेवणारे आतले बर्फ वितळू लागले आणि गूतेच्या घळीत, जी माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर ओलांडावीच लागते, दगडांचा मारा सुरू झाला. शामोनी आणि सेंजेर्व्हे या दोन्ही ठिकाणच्या वाटाड्यांच्या संघटनांनी त्या वाटेने प्रवासी नेणे थांबवले. ऐन हंगाम, सर्वांत मागणीचे शिखर, आणि काम बंद! तरीही काही जण वाटाड्याशिवाय जातच राहिले. सेंजेर्व्हेच्या महापौरांनी चिडून जाहीर केले की अशांकडून १५,००० युरो अनामत घेऊ: दहा हजार सुटकेच्या खर्चाचे, पाच हजार अंत्यविधीचे. शेवटी ऑगस्टमध्ये निवारेच बंद केले गेले. १८२० साली एकेका वाटाड्याला जे म्हणता आले नसते, ते दोनशे वर्षांनी सर्वांनी मिळून म्हटले.

हिमालयात हा हक्क उशिरा आला, आणि अजून पुरता आला आहे असे नाही. १९२२ च्या इंग्रज एव्हरेस्ट मोहिमेत बर्फाखाली सात भारवाहक मेले. साहेब सगळे वाचले. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले. त्यांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून सरकारने प्रथम देऊ केले ते ४०,००० नेपाळी रुपये. शेर्पांनी चढण्यास नकार दिला आणि नेपाळच्या बाजूचा तो हंगाम तेथेच संपला. मोसमभर पैसे साठवून आलेले प्रवासी हिरमुसले, काही रागावलेही. त्यांचे दुःख मी खोटे म्हणत नाही. विम्याची किमान रक्कम पुढे दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपयांवर गेली.

म्हणून आपल्यापैकी कोणी अशा मोहिमेत जाणार असेल तर बूट आणि कोट यांच्या चौकशीआधी दुसरी चौकशी करावी. एका वाटाड्यामागे किती माणसे? त्याचा आणि भारवाहकांचा विमा कोणी व किती रकमेचा उतरवला आहे? परत फिरण्याचा निर्णय कोणाचा: डोंगरावरच्या माणसाचा, की शहरातल्या कचेरीचा? वाटाड्या अर्ध्यातून परतला तर त्याची मजुरी कापतात काय? बहुधा तुमचे पैसे परत मिळत नाहीत. ते मिळूही नयेत, कारण परत मिळू लागले तर प्रत्येक वाटाड्याला ढग पाहताना खिसाही पाहावा लागेल. जो संयोजक ‘शिखराची हमी’ देतो त्याच्याकडे नाव घालू नये, एवढे मी निश्चयाने सांगेन.

शामोनीत दरवर्षी १५ ऑगस्टला वाटाड्यांचा उत्सव असतो. दोर आणि कुऱ्हाडी यांना धर्मगुरू आशीर्वाद देतो, आणि डोंगरात गेलेल्यांचे स्मरण होते. उत्सवातून जो पैसा जमतो तो आजही मदत फंडात जातो.